शिकागो ते बे एरिया, कॅलिफोर्निया झेफिरने: आई-बाबांसाठी खोली कुठली घ्यावी आणि खिडकीपाशी कधी बसावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी शिकागोला, मुलगा सॅन होजेला. नाशिकहून आलेले आई-बाबा, वय ६८ आणि ७२, तीन महिने मुलीकडे राहून आता मुलाकडे निघालेत. विमानाऐवजी कॅलिफोर्निया झेफिर या डोंगरातून जाणाऱ्या स्लीपर ट्रेनने पाठवावं का? आईचे गुडघे दुखतात, बाबांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, दोघंही शाकाहारी, इंग्रजी कामापुरतं. आणि खोलीचे दर बघून मुलगी विचारतेय की नुसत्या खुर्चीचं तिकीट काढलं तर चालेल का.

मी बे एरियात राहते आणि इथल्या मराठी कुटुंबांकडे येणाऱ्या आई-वडिलांचे प्रवास आखून देते. या गाडीने मी स्वतः दोन्ही दिशांनी आणि वेगवेगळ्या ऋतूंत गेले आहे. माझं उत्तर स्पष्ट आहे: जरूर पाठवा, आणि खोली घेऊनच पाठवा. पण खोलीचे पैसे झोपेसाठी द्यायचे आहेत, देखाव्यासाठी नाही, हे आधी मनात पक्कं करा. खोली कुठली, जेवण कधी, खिडकीपाशी कधी बसायचं, हे सगळे निर्णय त्यावरून ठरतात.

शिकागो ते एमरिव्हिल (बे एरियातलं या गाडीचं शेवटचं स्टेशन) हे अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे आणि वेळापत्रकाप्रमाणे ५१-५२ तास लागतात. दुपारी दोनच्या सुमाराला शिकागो सुटतं, मध्ये दोन रात्री जातात आणि तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला एमरिव्हिल येतं. या सगळ्या वेळात खरा डोंगर दोनदाच लागतो. पहिला दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत, डेन्व्हरनंतर, रॉकी पर्वतात. दुसरा तिसऱ्या दिवशी सकाळी रीनो सुटल्यावर, सिएरा नेवाडात. बाकीचा प्रवास सपाट प्रदेशातला, वाळवंटातला किंवा रात्रीचा.

शिकागोहून पश्चिमेला जाणं हे तुमच्या आई-बाबांचं भाग्यच समजा. गाडी उशिरा धावण्याची शक्यता नेहमीच असते, कारण रूळ मालगाड्यांच्या कंपन्यांच्या मालकीचे आहेत: डेन्व्हरपर्यंत बीएनएसएफ, तिथून पुढे युनियन पॅसिफिक. पश्चिमेला जाताना दोन-तीन तास उशीर झाला तरी दोन्ही डोंगर दिवसाउजेडीच लागतात. उलट दिशेने मात्र डेन्व्हर संध्याकाळी येतं. हिवाळ्यात किंवा उशीर झाला की घाटाचा शेवटचा उतार अंधारात जातो. कोणी विचारलं तर मी नेहमी पश्चिमेचंच तिकीट काढायला सांगते.

आता खोली. झेफिरचे डबे दुमजली असतात. दोन माणसांची लहान खोली म्हणजे रूमेट: समोरासमोर दोन खुर्च्या, रात्री त्या जोडून खालचा पलंग होतो आणि वरचा पलंग छतातून खाली येतो. खालचा पलंग अडीच फुटांपेक्षाही अरुंद असतो, वरचा त्याहून अरुंद. वर चढायला दोन उंच पायऱ्या, पडू नये म्हणून जाळीचे पट्टे, आणि वर धड बसताही येत नाही. दुखऱ्या गुडघ्यांच्या आईला किंवा रात्री तीनदा उठणाऱ्या बाबांना तिथे झोपवायचा विचारही करू नका.

त्याहून मोठी खोली म्हणजे बेडरूम. तिला स्वतःचं संडास-न्हाणीघर असतं आणि खालचा पलंग बराच रुंद असतो. पण दुसरा पलंग इथेही वरच असतो, आणि खालच्यावर दोघांनी झोपायचं तर दाटीवाटी होते. त्यातून एका बाजूची खिडकी मिळते आणि दुसऱ्या बाजूला मार्गिका.

तुमच्या आई-बाबांसाठी मी समोरासमोरच्या दोन रूमेट घ्यायला सांगेन, त्याही खालच्या मजल्यावरच्या. दोघांना खालचा पलंग मिळतो, मधे फक्त दोन पावलांची मार्गिका. दारं उघडी ठेवली की एकमेकांशी बोलता येतं आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्या आपल्याच. बऱ्याच तारखांना दोन रूमेटचं भाडं एका बेडरूमच्या आसपासच पडतं. दोन्हीची तुलना करूनच तिकीट काढा. खालच्या मजल्यावर अशा चारच रूमेट असतात, त्यांचे क्रमांक ११ ते १४. त्या लवकर संपतात. आरक्षण अकरा महिने आधी उघडतं आणि भाडं मागणीप्रमाणे चढत जातं, म्हणून भारतातून यायचं विमानाचं तिकीट निघालं की लगेच हेही काढून टाका. वय ६५ च्या पुढे मूळ भाड्यावर दहा टक्के सवलत असते, पण ती खोलीसाठी लागणाऱ्या जादा पैशांना लागू होत नाही, त्यामुळे फार मोठी बचत धरू नका.

खालच्या मजल्याचा आग्रह दोन कारणांनी धरतेय. संडास तिथे खोल्यांच्या शेजारीच आहेत, तीन-चार. वरच्या मजल्यावर एकच, तोही साऱ्या मजल्याला मिळून. आणि खाली गाडी कमी डोलते, वर्दळही नसते, कारण एका डब्यातून दुसऱ्यात जायची वाट वरच्या मजल्यावरूनच आहे. यातच खालच्या मजल्याची अडचणही आली. जेवणाच्या डब्यात किंवा देखावा बघायच्या काचेच्या डब्यात जायचं तर अरुंद, वळणाचा जिना चढावा लागतो. कठडा दोन्ही हातांनी धरता येतो. आईंनी दिवसातून एकदा सावकाश चढावं, वरच बसून राहावं आणि एकदाच उतरावं. एखाद्या वेळेला चढणं जमणार नसेल तर डब्यातल्या अटेंडंटला सांगायचं. जेवण खोलीत आणून मिळतं. पहिल्याच तासात त्याच्याशी दोन शब्द बोलून घ्या, गुडघ्यांचं आणि पलंग किती वाजता लावायचा ते सांगा. टिप द्यायची पद्धत आहे, थोडे सुटे डॉलर जवळ असू द्या.

खुर्चीचं तिकीट? खुर्ची आपल्याकडच्या बसपेक्षा पुष्कळ ऐसपैस असते, पाय टेकायला जागा असते आणि तरुणांना दोन रात्री निभतात. सत्तरीच्या माणसाला निभत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी डेन्व्हरला माणूस इतका आंबलेला असतो की ज्या घाटासाठी एवढा खटाटोप केला त्याच घाटात त्याचा डोळा लागतो.

मुलीने अजून एक पर्याय विचारला होता: डेन्व्हरपर्यंत विमान आणि तिथून पुढे गाडी. त्यात दोन्ही डोंगर मिळतात, रात्र एकच लागते आणि प्रवास ३३ तासांवर येतो. तब्येत नाजूक असेल तर मीही हेच सुचवते. पण तुमच्या आई-बाबांना मी शिकागोहूनच बसवेन. काचेचा डबा, म्हणजे साइटसीअर लाउंज, सगळ्या प्रवाशांसाठी खुला असतो आणि तिथली जागा राखून ठेवता येत नाही. डेन्व्हरला नवे प्रवासी चढून आपापलं सामान लावेपर्यंत शिकागोहून आलेले लोक नाश्ता उरकून तिथे जाऊन बसलेले असतात.

पहिली दुपार निवांत घालवू द्या. इलिनॉय आणि आयोवात मक्याची शेतं क्षितिजापर्यंत दिसतात. साडेपाचच्या सुमाराला बर्लिंग्टनच्या आधी गाडी मिसिसिपी ओलांडते, तेवढं चुकवू नये. रात्री लवकर झोपावं. सकाळी सव्वासातच्या सुमाराला डेन्व्हर येतं आणि गाडी तिथे बराच वेळ थांबते. आई-बाबांना सांगा: नाश्ता डेन्व्हरच्या आधी करा, गोळ्या घ्या, शाल घ्या, पाण्याची बाटली घ्या आणि साडेसातला लाउंजमध्ये जाऊन बसा. फलाटावर फेरफटका मारायचा मोह टाळा.

डेन्व्हर सुटून अर्धा तास झाला की चढण सुरू होते. बिग टेन नावाच्या वळणावर आतल्या रुळांवर जुन्या वाघिणींची एक रांग कायमची उभी दिसेल. ती विसरून ठेवलेली मालगाडी नाही. डोंगरावरून येणारा वारा इथे गाड्या पाडत असे, म्हणून त्या वाघिणी वाळूने भरून, रुळांना जखडून, वाऱ्याला आडोसा म्हणून उभ्या केल्या आहेत. गाडी त्यांना वळसा घालून वर जाते तेव्हा खाली सगळं डेन्व्हर आणि पलीकडचा सपाट मुलूख पसरलेला दिसतो. मग एकामागून एक पंचवीसहून जास्त बोगदे लागतात. कर्जत-लोणावळा केलेल्या माणसाला ही उघडझाप ओळखीची वाटेल.

त्यानंतर मॉफॅट बोगदा. १९२८ साली तो खुला झाला. त्याआधी गाड्या साडेतीन हजार मीटरहून उंच असलेल्या रॉलिन्स खिंडीवरून जायच्या आणि हिवाळ्यात बर्फात अडकून पडायच्या. बोगदा जवळजवळ दहा किलोमीटर लांब आहे (आपल्या कोकण रेल्वेचा करबुडे साडेसहा किलोमीटरचा) आणि पार करायला दहाएक मिनिटं लागतात. डिझेलचा धूर डब्यात शिरू नये म्हणून या वेळात एका डब्यातून दुसऱ्यात जायचं नसतं. तशी घोषणा होते, पण आई-बाबांना इंग्रजी घोषणा कळेलच असं नाही, म्हणून आधी सांगून ठेवा. बोगद्यात गाडी २,८०० मीटरच्या वर असते. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा. नसेल तर भरपूर पाणी पिणं पुरेसं.

बोगद्यापलीकडे फ्रेझर, मग ग्रॅनबी, आणि तिथून कोलोरॅडो नदीची सोबत सुरू होते. साडेतीनशेहून जास्त किलोमीटर गाडी या नदीच्या काठाने जाते. शेवटी युटामध्ये ती वेगळी होते तोपर्यंत नदीचं पात्र आणि रंग बदलत गेलेले असतात. मला या पट्ट्यात सगळ्यात प्रिय आहे तो गोर कॅन्यन. दोन्हीकडे काळे उभे कडे, तळाला फेसाळतं पाणी आणि रस्ता नाहीच. तो बघायचा तर होडीतून किंवा या गाडीतून. मोटारीने अख्खा कोलोरॅडो पालथा घातलेल्या मुलांनाही आई-बाबा सांगू शकतील की हे तुम्ही पाहिलेलं नाही.

पुढे बाँडपाशी ऑरेस्टॉड नावाची पाटी शोधायला सांगा. १९३४ साली इथून डॉटसेरोपर्यंत जोडमार्ग टाकला गेला. एका टोकाचं नाव डॉटसेरो होतं, तेव्हा दुसऱ्या टोकाला तीच इंग्रजी अक्षरं उलटी लिहून ऑरेस्टॉड नाव दिलं. या तुकड्यात दरी थोडी मोकळी होते, म्हणून दुपारच्या जेवणाची वेळ साडेबाराच्या आसपासची मागून घ्या. गोर कॅन्यन होऊन गेलेला असतो आणि ग्लेनवुड कॅन्यन यायचा असतो.

ग्लेनवुड कॅन्यनमध्ये उजव्या बाजूला बसा. रूळ दक्षिण काठावर आहेत आणि पलीकडच्या काठावर महामार्ग, म्हणजे नदी सतत उजवीकडे. या दरीशी झेफिरचा इतिहास जोडलेला आहे. १९४४ साली जनरल मोटर्सचे अधिकारी सायरस ऑस्बॉर्न इंजिनात बसून इथून जात होते. इंजिनातून दिसतं तसं प्रवाशांनाही दिसायला हवं, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यातून काचेच्या घुमटाचे डबे निघाले. १९४९ साली पहिली कॅलिफोर्निया झेफिर धावली ती हे डबे घेऊनच. १९७० मध्ये ती बंद पडली. आता ही गाडी चालवणाऱ्या अ‍ॅमट्रॅक या रेल्वे कंपनीने १९८३ मध्ये नाव पुन्हा लावलं, पण कॅलिफोर्नियातला मार्ग बदलला: जुनी गाडी फेदर नदीच्या दरीतून जायची, आताची डॉनर खिंडीतून जाते.

ग्लेनवुड स्प्रिंग्जला बरेच लोक उतरतात, तेव्हा लाउंजमध्ये जागा हमखास होते. आई तोवर दमल्या असतील तर खोलीत जाऊन तासभर पडू द्या. चारच्या सुमाराला ग्रँड जंक्शन येतं. इथे खाली उतरून पाय मोकळे करावेत, पण गाडीच्या दारापासून लांब जाऊ नये. हाक मारून कोणी बोलावत नाही. मग रुबी कॅन्यन: लाल-तांबूस खडक, संध्याकाळचं ऊन आणि पुन्हा एकदा रस्ता नाही. कोलोरॅडो संपून युटा सुरू होतं तिथे कड्यावर दोन्ही राज्यांची नावं रंगवलेली आहेत. डिसेंबरात गेलात तर इथे पोचेपर्यंत अंधार होतो. ऋतूबद्दल माझं मत यावरूनच ठरलंय. मे-जूनमध्ये बर्फ वितळून नदी भरलेली असते आणि दिवस मोठे असतात. सप्टेंबरच्या शेवटी अ‍ॅस्पेनची झाडं सोनेरी होतात, माझ्या लेखी हाच सगळ्यात सुंदर काळ. जुलै-ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर असू शकतो. हिवाळ्यात बर्फ अप्रतिम दिसतं, पण दिवस तोकडा आणि उशिराची शक्यता जास्त. तुमचे आई-बाबा जूनमध्ये आले असतील तर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख बघा.

दोन्ही रात्री घड्याळ एक-एक तास मागे जातं. झोपेला तास जास्त मिळतो, हे चांगलंच. पण रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्यांच्या वेळा कागदावर मराठीत लिहून द्या, नाहीतर कुठल्या घड्याळाप्रमाणे घ्यायच्या याचा गोंधळ होतो. नेवाडाचं वाळवंट रात्री सरतं. पहाटे उठायची सवय असलेल्यांना विनेमक्काच्या आसपास उजाडताना दिसेल.

रीनो साडेआठच्या सुमाराला. त्याआधी आंघोळ, नाश्ता आणि सामानाची आवराआवर करून घ्यावी. ट्रकी सुटलं की पुन्हा उजवीकडची खिडकी: गाडी डोंगराच्या कुशीतून चढत जाते आणि खाली डॉनर तळं दिसत राहतं. १८४६-४७ च्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियाला निघालेला एक तांडा या तळ्याजवळ बर्फात अडकला आणि त्यातले जवळजवळ निम्मे लोक दगावले. या खिंडीवर वर्षाला सरासरी दहा मीटरच्या आसपास बर्फ पडतं. जानेवारी १९५२ मध्ये सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को ही गाडी २२६ माणसांसह याच डोंगरात तीन दिवस अडकून पडली होती.

हा लोहमार्ग १८६३ ते १८६९ या काळात झाला. आपला बोरघाट खुला झाला तेही १८६३ सालीच. त्या घाटाने जशी हजारो मजुरांची आयुष्यं घेतली, तसा इथला ग्रॅनाइट फोडला तो मुख्यतः चिनी मजुरांनी. माथ्यावरचा जुना बोगदा पाचशे मीटरचा. सुरुंगाची काळी दारू आणि नायट्रोग्लिसरिन वापरून, मधे विहीर खणून, चार तोंडांनी एकाच वेळी तो खोदला. १९९३ पासून त्यात रूळ नाहीत. आताची गाडी १९२५ च्या, तीन किलोमीटरहून लांब बोगद्यातून जाते. बोरघाटातून मुंबई-पुणे करत आयुष्य गेलेल्या माणसाला हा इतिहास ठाऊक असेल तर तो या खडकाकडे नुसता देखावा म्हणून बघू शकणार नाही. म्हणून बाबांना हे आधी सांगाच.

खिंड उतरताना बाजू बदलायची. कोलफॅक्सच्या अलीकडे अमेरिकन नदीची खोल दरी डावीकडे उघडते.

जेवणाबद्दल. खोलीच्या तिकिटात जेवणाच्या डब्यातली तिन्ही वेळची जेवणं येतात. शाकाहारी पदार्थ असतो, पण पर्याय मोजके आणि चव सपक. आरक्षणाच्या वेळीच शाकाहाराबद्दल बोलून ठेवा. टेबल चौघांचं असतं आणि अनोळखी माणसांबरोबर बसवतात. इंग्रजी कमी म्हणून आई-बाबांनी बिचकू नये. कुठून आलात, मुलं कुठे असतात, हे प्रश्न दोन्ही बाजूंना येतात आणि गप्पा होतात. स्वतःचं खाणं खोलीत खायला परवानगी आहे. पहिल्या दिवसासाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, पुढच्यासाठी तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा, लाडू द्या. गरम करायची सोय प्रवाशांना नाही, गरम पाणी मात्र मिळतं, तेव्हा चहाची तयार पूड बरोबर असली की सकाळचा प्रश्न सुटला. संडासात पाण्याची सोय नसते, एक रिकामी बाटली वेगळी ठेवायला सांगा. एसी कडक असतो. स्वेटर आणि पायमोजे हातातल्या पिशवीत हवेत, मोठ्या बॅगेत नकोत. मोठ्या बॅगा शिकागोलाच लगेजमध्ये द्या. तिथे खोलीच्या प्रवाशांसाठी वेगळं प्रतीक्षालय आहे, त्यात बसवा. फलाटापर्यंत सोडायला मदतही मागता येते.

गाडीत वायफाय नाही आणि दऱ्यांमध्ये मोबाइल बंद पडतो. दुसऱ्या दिवशी तासन्‌तास फोन लागला नाही तर शिकागोत घाबरून जाऊ नका. गाडी कुठे आहे ते अ‍ॅमट्रॅकच्या अ‍ॅपवर दिसतं.

शेवटचं मुलासाठी. एमरिव्हिलहून सॅन होजेला कॅपिटल कॉरिडॉरची गाडी आहे, पण दोन रात्रींनंतर आई-बाबांना पुन्हा गाडी बदलायला लावू नका, मोटार घेऊन जा. त्या संध्याकाळी पाहुणे, देवळातला कार्यक्रम, विमान, काहीही ठेवू नका. वेळापत्रकात शेवटी थोडी ढील ठेवलेली असते, त्यामुळे रीनोला तासभर मागे असलेली गाडीही कधीकधी वेळेवर पोचते. सॅक्रामेंटोहून गाडी सुटल्याचं अ‍ॅपवर दिसलं की घरून निघा, सुमारे दोन तास हाताशी असतात. लगेजमधल्या बॅगा एमरिव्हिलच्या स्टेशनात मिळतात, त्यांची पावती बाबांच्या खिशात आहे ना, ते फोनवर आधीच विचारून घ्या.